लहान लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल: चकचकीत, साधा, की नुसती पीडीएफ?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका लहान लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत हिशेब विभागात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कृपया विचारूही नका. आमचे भागधारक ३,८०० च्या आसपास. त्यातले निम्मे तरी आपल्याच भागातले आहेत: जळगाव, भुसावळ, चोपडा, पारोळा, धुळे, शिरपूर. कंपनीने पहिल्यांदा शेअर काढले तेव्हा केळीवाल्यांनी, शाळामास्तरांनी, डाळमिलवाल्यांनी ओळखीवर अर्ज भरले होते. त्यांच्यातले काही आता नाहीत, शेअर मुलांच्या कपाटात कागदाच्याच रूपात पडून आहेत.

गेल्या वर्षीचा अहवाल १४८ पानांचा होता. आर्ट पेपर, चार रंग, १,५०० प्रती. डिझाइन, छपाई, पाकिटं, टपाल मिळून सव्वापाच लाख गेले. परवा स्टोअरमध्ये दुसरंच काही शोधत होतो, तर ८४० प्रती सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत तशाच. वरच्या गठ्ठ्यावर पावसाचं पाणी गळलेलं. पोटात तुटलं.

यंदा साहेबांनी सांगितलंय, खर्च निम्म्यावर आणा. एका डिझायनरने अजून जाड, फोटोंचा अहवाल सुचवलाय. सीएफओ (वित्तप्रमुख) म्हणतात, छापूच नका, पीडीएफ टाका आणि मोकळे व्हा. माझं मन दोन्हीकडे बसत नाही. ज्यांनी हे काम केलंय, ज्यांना असे अहवाल घरी येतात, त्या सगळ्यांचं ऐकायचं आहे. कमी खर्चात नीट अहवाल कसा काढावा?

खडकेकर

पीडीएफ. २०२६ मध्ये कागद कशाला?

बट्टीप्रेमी

अहवालाचं माहीत नाही, पण सभेला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असेल तर मी आजच शेअर घेतो.

छापखाना_धुळे

तापीकाठ भाऊ, माझा ऑफसेटचा धंदा आहे, ३० वर्षं झाली. तुमचं दुखणं पानांच्या आकड्यातच दिसलं.

२५ बाय ३६ इंची शीटवर ए-फोरची एका बाजूला ८ आणि दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात. हा एक फॉर्म. १४८ पानं म्हणजे ९ फॉर्म झाले १४४ चे, वर ४ पानं लोंबकळली. त्या ४ पानांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळं मशीन लावणं, वेगळी घडी. बाइंडिंगवाला शिव्या देतो तो वेगळाच. १४४ करा, १२८ करा, ११२ करा. मजकूर १६ च्या पाढ्यात बसवायचा, मगच छापखान्याची पायरी चढायची.

आता कागद. ए-फोरचे १६ कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, म्हणून वजनाचा हिशेब तोंडी होतो. तुमचा १४८ पानी म्हणजे ७४ कागद. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर धरला तर ७४ भागिले १६ गुणिले १३०, म्हणजे ६०० ग्रॅम. वर जाड कव्हर. एक प्रत साडेसहाशे ग्रॅमच्या जवळ गेली. तेच ११२ पानं ७० जीएसएम मॅपलिथोवर (छपाईच्या साध्या कागदावर) घ्या: ५६ कागदांचे २४५ ग्रॅम, कव्हर धरून पावणेतीनशे. कागद वजनावर विकला जातो आणि टपालही वजनावरच लागतं. दोन्हीकडे निम्म्याहून कमी.

६० जीएसएम घेऊ नका. मागच्या पानावरचे आकडे पुढे दिसतात आणि तक्त्यात ३ चा ८ वाचला जातो. आणि ३०० च्या आत प्रती असतील तर ऑफसेटच्या नादी लागू नका, प्लेटांचा खर्च अंगावर येतो. काळी-पांढरी डिजिटल काढा. मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण खरं तेच आहे.

खडकेकर

छापखानावाले काका, हा वजनाचा हिशेब पहिल्यांदाच ऐकला. मान गए.

सचिवताई

मी कंपनी सेक्रेटरी आहे, नाशिकला असते, माहेर चाळीसगाव. आधी कायद्याचं घेऊ, कारण किती छापायचं हे तिथून ठरतं.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३६: वार्षिक सभेच्या किमान २१ दिवस आधी ताळेबंद, ऑडिटरचा अहवाल, संचालकांचा अहवाल भागधारकाला पाठवलेला असला पाहिजे. लिस्टेड कंपनीला वेबसाइटवर आणि स्टॉक एक्स्चेंजवरही टाकावा लागतो, तोही पाठवणी सुरू होईल त्या दिवसापर्यंत. ज्यांचा ईमेल नोंदलेला आहे त्यांना ईमेल पुरतो. ज्यांचा नाही, त्यांच्यासाठी सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला: अहवाल वेबसाइटवर नेमका कुठे आहे तो पूर्ण मार्ग देणारं पत्र त्यांना पाठवायचं. छापील प्रत जो मागेल त्याला मात्र द्यावीच लागते.

एक अडचण लक्षात ठेवा. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये कंपनी मंत्रालयाने दिलेली कागद न पाठवण्याची सवलत ऑनलाइन सभेच्या परिपत्रकातून आलेली आहे. तुम्ही हॉलमध्ये सभा घेणार असाल तर ती गृहीत धरू नका, तुमच्या सेक्रेटरीला आधी विचारा. सभा कुठे हे ठरल्याशिवाय प्रती किती हे ठरत नाही, आणि बहुतेक ठिकाणी हे दोन निर्णय दोन वेगळ्या टेबलांवर होतात.

आता पानं कुठे कापायची ते सांगते. तापीकाठ, तुमच्या अहवालात एमजीटी-९ चा, म्हणजे वार्षिक विवरणाचा, उतारा अजून जोडता का? आणि सीएसआर (सामाजिक जबाबदारी), मोबदला धोरणं अख्खी छापता का?

तापीकाठ

ताई, दोन्ही हो. एमजीटी-९ ची ११ पानं आहेत. धोरणांची ९. दरवर्षी जुनी फाइल उघडून आकडे बदलतो, त्यामुळे ती तशीच चालत आलीत.

सचिवताई

मग २० पानं आत्ताच गेली समजा. वार्षिक विवरणाचा उतारा जोडायची गरज २०२० पासून राहिलेली नाही, संचालकांच्या अहवालात वेबलिंक दिली की झालं. धोरणांचा ठळक भाग आणि वेबसाइटचा पत्ता पुरतो. जी माहिती ताळेबंदाच्या टिपांमध्ये आहे ती संचालकांच्या अहवालात पुन्हा लिहायची नसते, फक्त टिपेचा उल्लेख करायचा. ही सूट २०१७ च्या दुरुस्तीने दिली. संबंधित व्यक्तींचे (संचालक, त्यांचे नातेवाईक वगैरेंशी झालेले) व्यवहार मी एकाच अहवालात ३ ठिकाणी छापलेले पाहिलेत.

भरणा भांडवल १० कोटींच्या आत आणि नेटवर्थ (भांडवल अधिक साठलेला नफा) २५ कोटींच्या आत असेल तर कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा (कंपनीच्या कारभाराचा) वेगळा अहवालही सक्तीचा नाही. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

तापीकाठ

भांडवल ८ कोटी, पण नेटवर्थ ४० च्या पुढे. तो द्यावाच लागेल. पण २० पानांबद्दल मनापासून आभार ताई. ऑडिटचे पैसे देतो, डिझाइनचे पैसे देतो, आणि हे कोणी सांगितलं नव्हतं.

साक्री_रोड

आमच्याकडे एक सल्लागार येऊन गेला, बीआरएसआर (पर्यावरण आणि समाजाच्या जबाबदारीचा अहवाल) करून देतो म्हणाला, ३० पानांचा. करायचा का?

सचिवताई

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना तो २०२२-२३ च्या आर्थिक वर्षापासून सक्तीचा आहे. तुम्ही त्यात नसाल तर मर्जीने करता येतो. पण पाण्याचा, विजेचा, कचऱ्याचा हिशेब वर्षभर खरोखर ठेवलेला असेल तरच करा. मार्चनंतर बसून भरलेले रकाने नकोत.

रंगरेषा

मी डिझायनर आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. सगळे कागद आणि पानं कापायला निघालात, पण अहवाल हा कंपनीचा चेहरा असतो. पुण्या-मुंबईचा गुंतवणूकदार जळगावला कारखाना बघायला येत नाही, तो अहवालच बघतो. मळकट, दाटीवाटीचा अहवाल पाहून त्याला वाटतं कारखानाही तसाच असेल. फोटो काढा हवं तर, पण डिझाइनचे पैसे वाचवू नका.

बँकेतला_नाना

रंगरेषा भाऊ, अर्धं पटलं. मी २२ वर्षं कर्ज विभागात काढली, आत्ता भुसावळला आहे. कर्जाच्या फाइलीसोबत येणारा अहवाल आम्ही मागून वाचतो. आधी ऑडिटरचा अहवाल आणि कॅरो (ऑडिटरने ठरावीक मुद्द्यांवर दिलेली पुरवणी), मग कॅश फ्लो, मग टिपा. संभाव्य देणी किती, संबंधित व्यक्तींना उधारी किती, कर्जाची हमी कोणाची. चेअरमनसाहेब हेल्मेट घालून मशीनपुढे उभे आहेत तो फोटो मी आजवर एकाही शेऱ्यात लिहिलेला नाही.

आम्हाला त्रास कशाचा होतो सांगतो. अहवाल कॉम्प्युटरवर तयार होतो, मग त्याची प्रिंट काढून सह्या-शिक्के होतात, आणि ती सगळी पानं स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकतात. काही पानं तिरकी, काही उलटी. शब्द शोधता येत नाही, आकडा कॉपी होत नाही. ८० पानांत 'हमी' हा शब्द डोळ्यांनी शोधावा लागतो. मूळ फाइलवरून पीडीएफ काढा, सहीच्या जागी 'सही/-' टाका, अनुक्रमणिकेतून त्या-त्या पानावर उडी मारता येईल अशा खुणा ठेवा. याला एक रुपया लागत नाही. बँकवाला, विश्लेषक, मुंबईचा गुंतवणूकदार, सगळे हेच वाचतात. तुमचा चेहरा आमच्यासाठी तो आहे.

रंगरेषा

नाना, स्कॅनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी डिझाइन म्हणतो तेव्हा फोटो म्हणत नाही, हे मी नीट मांडलं नाही. तक्त्यातले आकडे उजवीकडे ओळीत असणं, यंदाचा रकाना ठळक, गेल्या वर्षीचा फिका, टिपेचा क्रमांक सापडणं, अक्षर ९ पॉइंटच्या खाली न जाणं, हे डिझाइन. काळ्या शाईतही होतं. एकदा साचा नीट बसवला की पाच वर्षं तोच चालतो, दरवर्षी नव्याने पैसे द्यावे लागत नाहीत. तापीकाठ, डिझायनरकडून अहवाल विकत घेऊ नका, साचा विकत घ्या.

तापीकाठ

'साचा विकत घ्या' हे लिहून ठेवलं.

जर्सीतला_खान्देशी

मी मूळ दोंडाईचाचा, १८ वर्षं न्यू जर्सीत. इथल्या पद्धतीचं सांगतो, उपयोग झाला तर बघा.

अमेरिकी लिस्टेड कंपन्यांना एसईसीकडे (तिथल्या सेबीकडे) 'टेन-के' नावाचा अर्ज भरावाच लागतो. सगळे हिशेब, धोके, खटले, सगळं त्यात. पूर्वी कंपन्या तो भरायच्या आणि भागधारकांसाठी वेगळा गुळगुळीत अहवाल काढायच्या, त्यात तेच आकडे पुन्हा जुळवायचे, पुन्हा तपासायचे. मग बऱ्याच जणांनी 'टेन-के रॅप' सुरू केला. टेन-के जसा भरला तसाच साध्या पातळ कागदावर छापायचा आणि त्याला थोड्या रंगीत पानांचं वेष्टण घालायचं: अध्यक्षांचं पत्र, दोन आलेख, संचालकांची नावं. आतला मजकूर एकदाच जुळवला जातो, त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे असण्याची भीती जाते. २००७ मध्ये एसईसीने आणखी एक वाट दिली: भागधारकाला फक्त सूचनेचा कागद पाठवायचा, त्यावर वेबसाइटचा पत्ता, आणि मागितलं तर छापील प्रत.

आपल्याकडचं सेबीचं पत्र त्याच्याच जवळचं वाटतंय.

सचिवताई

हो, विचार तोच आहे. आणि रॅपसारखं आपल्याकडे करायला कोणतीही आडकाठी नाही, आतला कायदेशीर भाग पूर्ण असला की झालं. एक्स्चेंजला आणि मंत्रालयाला जाणारं एक्सबीआरएल (संगणकाला वाचता येईल अशा रूपातले हिशेब) वेगळं असतं, त्याचा छपाईच्या रूपाशी संबंध नाही. काही जण त्यासाठीही डिझायनरला पैसे देतात, ते देऊ नका.

अमळनेरी

जरा विषय सोडून लिहितो, पण फार सोडून नाही.

आमच्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ ला एक वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो. गावातल्या पुष्कळ घरांत तिचे शेअर होते, आहेत. आमच्या आजोबांकडेही थोडे होते. ते चौथी शिकलेले. दरवर्षी टपालाने जाड इंग्रजी अहवाल यायचा. ते ओट्यावर बसून पाकीट चाकूने कापायचे, फाडायचे नाहीत. पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटायचे, वाचता यायचं नाही तरी प्रत्येक पान. मग मला हाक. 'बाळा, नफा कुठे लिहिलाय दाखव.' मी दाखवायचो. 'आणि मागच्या वर्षी?' तेही शेजारीच असायचं. दोन आकडे एका कागदावर लिहून घ्यायचे आणि तो कागद देवघराच्या फळीत ठेवायचे. १९९६ ला ते गेले तेव्हा फळीत असे १९ कागद निघाले.

त्यांना १४८ पानं नको होती, दोन आकडे हवे होते. पण पाकीट मात्र हवंच होतं. त्या पाकिटावर त्यांचं नाव असायचं.

गुरुजी_पारोळा

अमळनेरी, डोळे भरून आले बाळ.

मी ७४ वर्षांचा निवृत्त शिक्षक. जिल्ह्यातल्याच एका कंपनीचे २०० शेअर आहेत. तापीकाठ यांची की दुसरी, माहीत नाही. २०२० पर्यंत सभेला बसने जायचो. कारखाना हिंडवून दाखवायचे, जेवण द्यायचे, आणि एखादा म्हातारा उठून प्रश्न विचारायचा तर चेअरमन स्वतः मराठीत उत्तर द्यायचे. आता सभा मोबाइलवर असते. नातू जोडून देतो, पण आवाज तुटतो, आणि प्रश्न आधी नोंदवावा लागतो. अहवालाची लिंक येते. मोबाइलवर ताळेबंद वाचणं म्हणजे सुईच्या भोकातून गाव बघणं. मी पीडीएफ छापून आणली पारोळ्यात, झेरॉक्सवाल्याने पानामागे ३ रुपये घेतले.

खडकेकर, तुमचं खरं आहे, कागद वाचला पाहिजे. पण १,५०० प्रती छापून ८४० भिजवणं आणि एकही न छापणं यांच्या मध्ये काही नाही का?

खडकेकर

गुरुजी, माफ करा. मी उगाच एका ओळीत उडवून लावलं. माझ्या वडिलांचंही असंच आहे, मोबाइलवर वाचत नाहीत, मला वाचून दाखवायला सांगतात.

बट्टीप्रेमी

गुरुजी, जेवणाचं सांगितलंत, पण डबा मिळायचा ते नाही सांगितलं. आमच्या घरी एका कंपनीच्या सभेचे ४ स्टीलचे डबे अजून आहेत, डाळी त्यातच.

सचिवताई

ते डबे १ जुलै २०१५ पासून बंद झाले. सेक्रेटेरियल स्टँडर्ड-२ (सर्वसाधारण सभांचे नियम) लागू झालं, त्यात सभेला भेटवस्तू, कूपन, त्याबदली रोख काहीही द्यायला मनाई आहे.

पांझराकाठ

जेवनले तं मनाई नही ना? बाकी गुरुजीसनी बात खरी शे. आमना गावमा लोके अजून बी पोस्टमननी वाट देखतस.

भडगावकर

इथवर सगळं वाचलं आणि न राहवून लिहिते. अहवालात काय असावं यावर कोणी बोललं नाही, फक्त किती असावं यावर बोललात.

माझ्या आईच्या नावावर एका कंपनीचे कागदी शेअर होते. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, पत्ता बदलला, कंपनीला कळवायचं राहिलं. लाभांशाचे वॉरंट जुन्या पत्त्यावर जात राहिले. सात वर्षं लाभांश घेतला नाही की तो सरकारच्या आयईपीएफ निधीत जातो, आणि त्याबरोबर शेअरही जातात, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. अहवालात छापलेलं असायचं. नंतर शोधलं तर सापडलं: मागच्या बाजूला, सूचनेच्या खाली, १९ व्या टिपेत, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. शेजारच्यांकडे पडून राहिलेले तिचे दोन अहवाल मिळाले, दोन्हींत ती टीप होती. आयईपीएफ-५ अर्ज, वारसाची कागदपत्रं, नोटरी, जुन्या सहीशी सही जुळत नाही, असं करत करत शेअर परत मिळाले तेव्हा आई उरली नव्हती.

कंपनीने नियम मोडला असं मी म्हणणार नाही. छापलं होतं. पण ते आईसाठी छापलेलं नव्हतं.

तापीकाठ, तुमच्याकडे ज्यांचे ईमेल नाहीत, ज्यांचे शेअर कागदात आहेत, ती माणसं आईसारखीच असतील. त्यांना एका पानाचं पत्र टाकून लिंक दिली तर कायदा पाळला जाईल. पण त्यांनाच तर कागदाची सगळ्यांत जास्त गरज आहे.

तापीकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद मी आज ऑफिसात तीनदा वाचला. मग शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून यादी मागवली. ३,८०० पैकी ७१० जणांचे ईमेल नाहीत. त्यातल्या ३९० जणांचे शेअर अजून कागदात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची केवायसी (पॅन, पत्ता, बँक यांची नोंद) अपुरी. एप्रिल २०२४ पासून अशा कागदी फोलिओंचा (भागधारक-खात्यांचा) लाभांश केवायसी पूर्ण होईपर्यंत थांबवला जातो. म्हणजे पैसे आमच्याकडे पडून, आणि त्यांना पत्ता नाही. गेल्या वर्षीचे ते भिजलेले ८४० अहवाल यांच्याकडे गेले असते तरी त्यांना यातलं काही कळलं नसतं.

अक्षरजुळणी

मग मराठीत एक पातळ पुस्तिका काढा. मी जळगावात मराठी मजकूर जुळवण्याचं आणि भाषांतराचं काम करते. १६ पानं, एकच फॉर्म, मध्ये पिन. कव्हर वेगळं नको, त्याच कागदाचं.

पण भाषांतराचं एक सांगते. इंग्रजी अहवालाचं शब्दाला शब्द मराठी करू नका. 'स्थगित कर दायित्व' वाचून गुरुजींना काय कळणार? अमळनेरींच्या आजोबांचा प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर लिहा. यंदा विक्री किती, मागच्या वर्षी किती. नफा किती. कर्ज किती उरलं. लाभांश किती, कोणत्या तारखेला, कुठे जमा होणार. आणि पहिल्याच पानावर भडगावकर ताईंची गोष्ट, म्हणजे मुद्दा: लाभांश मिळत नसेल तर काय करायचं, कोणती कागदपत्रं, कोणता फोन नंबर. मोठ्या अक्षरात, १४ पॉइंट. आकडे लाखांत द्या, मिलियनमध्ये नको.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर प्रत्येक र्‍य, र्‍ह आणि जोडाक्षर तपासा. आकड्यांची तपासणी दोघांनी, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं.

सचिवताई

कल्पना उत्तम. फक्त तीन काळज्या घ्या. पुस्तिकेतला प्रत्येक आकडा ऑडिट झालेल्या ताळेबंदातलाच असावा. पुढच्या वर्षाचा अंदाज, 'नफा वाढेल' छापाचं एकही वाक्य नको. आणि ती संचालक मंडळासमोर ठेवून मंजूर करा आणि अहवालाबरोबरच एक्स्चेंजवर, वेबसाइटवर टाका, म्हणजे काहींनाच वेगळी माहिती दिली असं होणार नाही. कायद्याचं पत्र वेगळं, तेही त्याच पाकिटात जाऊ शकतं.

छापखाना_धुळे

१६ पानं म्हणजे ८ कागद. ९० जीएसएम धरला तर ४५ ग्रॅम. पत्र आणि पाकीट धरून ६०-६५ च्या घरात. तुमच्या जुन्या एका प्रतीच्या वजनात अशा १० जातील.

साक्री_रोड

कागदाच्या गप्पा वाचायला आलो आणि घरी जाऊन आईच्या फाइली उघडल्या. दोन कंपन्यांचे कागद सापडलेत. भडगावकर ताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, वेळ मिळाला तर बघा.

भडगावकर

पाहिला. उत्तर दिलंय. आधी पॅन आणि बँकेचा रद्द केलेला चेक तयार ठेवा.

बँकेतला_नाना

तापीकाठ, साहेबांपुढे मांडताना निव्वळ बचत सांगू नका. किती पैसे कुठून काढले आणि कुठे घातले ते एका कागदावर दाखवा. वरिष्ठांना तो कागद पुरतो.

तापीकाठ

नाना, तसंच केलं. आठवड्याने लिहितोय, काल बैठक झाली.

एमजीटी-९ ची ११ पानं गेली, धोरणांची ९ गेली, फोटोंची १४ गेली. १४८ वरून ११४ झाली. उरलेली २ रंगरेषा भाऊंच्या सांगण्यावरून तक्ते नीट मांडल्यावर आपोआप गेली, आणि अहवाल ११२ वर, बरोबर ७ फॉर्म. काळा-पांढरा, ७० जीएसएम, छापायचा फक्त २५०: जे मागतील त्यांच्यासाठी, बँकांसाठी, ऑफिससाठी. तो डिजिटल होईल. पीडीएफ मूळ फाइलवरून, खुणांसह, स्कॅन नाही. डिझायनरशी पाच वर्षांच्या साच्याचं बोलणं झालं, त्याने आधी नाही म्हटलं, मग हो.

मराठी पुस्तिका १,००० प्रती, १६ पानं. ७१० जणांना पाकिटातून, बाकी मागेल त्याला. पहिल्या पानावर लाभांश आणि केवायसी. साहेब म्हणाले, हे आपण इतकी वर्षं का नाही केलं. सगळं धरून खर्च दोन लाखांच्या आत बसतोय.

सभा यंदाही ऑनलाइनच राहणार, ते मला बदलता आलं नाही. गुरुजी, त्याबद्दल वाईट वाटतं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहायला जागा ठेवली आहे, फाडून टपालाने पाठवायचा, तिकीट लावायची गरज नाही असं पाकीट सोबत. आलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सभेत मराठीत वाचायचं, हे साहेबांनी कबूल केलंय.

गुरुजी_पारोळा

तापीकाठ, कंपनी तुमचीच निघाली तर माझे तीन प्रश्न येतील. पहिला उधारीच्या वसुलीबद्दल असेल, तयारी ठेवा.

छापखाना_धुळे

भाऊ, पुस्तिकेची फाइल १० जुलैच्या आत कुठेही द्या, मला नाही दिली तरी चालेल. त्यानंतर सगळ्या पतसंस्थांचे अहवाल येतात आणि सप्टेंबरपर्यंत मशीन रिकामं मिळत नाही.

तापीकाठ

काका, ६ तारखेला सकाळच्या बसने फाइल घेऊन मीच येतो. प्रूफ तिथे बसूनच वाचायचं आहे, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने बोट ठेवून.